मैत्रिणींना अर्धीच गोष्ट कळली आहे

पत्र

ताई, नमस्कार. मी डिचोलीची, वय २९. आम्ही कॉलेजपासूनच्या चार मैत्रिणी. त्यातल्या एकीला दुबईत नोकरी लागली आहे, नोव्हेंबरअखेर ती जाणार. म्हणून दसरा झाल्यावर चौघींनी रजा जुळवल्या आणि गोव्यातल्याच नेत्रावळीच्या रानात चार दिवस पायी फिरायचं ठरवलं. सावरी, मैनापी, मग वर वेर्ले, तुडव, साळजिणी. मुक्काम गावातल्या घरांत, सामान पाठीवर. माझी बॅग भावाची, दहा-अकरा किलो भरली होती.

पहिल्याच दिवशी व्हाळ (ओढा) ओलांडताना बूट आणि जीन्स भिजली. दुपारपासून मांड्या आतून काचायला लागल्या. रात्री पाहते तर दोन्हीकडची कातडी सोललेली, टाचांना फोड. कुणाला सांगायची लाज वाटली, रात्रभर झोपही लागली नाही. पाणीही मी मुद्दाम कमी प्यायले होते, वाटेत लघवीला कुठे जायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी वेर्लेच्या चढणीवर पाऊल टाकवेना, डोकं ठणकत होतं. मला रडू फुटलं. टाचेला फोड आलाय, मला घरी जायचंय, एवढंच म्हटलं. तिघी काही न बोलता माझ्याबरोबर परतल्या. बसमध्ये दुबईला जाणारी म्हणाली, ‘एवढ्याशा फोडासाठी चार दिवसांची रजा गेली.’ पुढच्या दोन रात्रींचे आगाऊ दिलेले पैसेही गेले. तेव्हापासून ग्रुपवर सामसूम आहे. मी नाजूक आहे का? अजून थोडं सोसायला हवं होतं का? सगळ्यांचे पैसे मी भरून टाकू का?

उत्तर

बाय,

परतलीस ते बरोबर केलंस. सोललेल्या कातडीवर ओली जीन्स आणखी दोन दिवस घासली असती तर ती जागा चिघळली असती. टाच दुखत असली की माणूस पाऊल तिरकं टाकतो, सगळा भार दुसऱ्या पायावर घेतो, आणि पाठीवर अकरा किलो असताना उतारावर असं चालणं म्हणजे घोटा मुरगळायला आमंत्रण. वेर्लेला डांबरी रस्ता हाताशी होता, चालत का होईना, तू स्वतःच्या पायांनी खाली आलीस. पुढे साळजिणीच्या वाटेवर अडकली असतीस तर त्या तिघींना तुला उचलून आणावं लागलं असतं, आणि त्या डोंगरात फोनला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही.

नाजूक वगैरे काही नाहीस तू. मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या मांड्या काचतात, मैलोनमैल चालणाऱ्या जवानांच्या पायांना फोड येतात. ऑक्टोबरात आपल्याकडे पाऊस ओसरलेला असतो, ऊन चढतं आणि हवेतला दमटपणा मात्र तसाच राहतो. अशा हवेत घाम वाळत नाही. कातडी तासन्‌तास ओली राहिली की मऊ पडते, कपडे धुतल्यावर बोटांची होते तशी. मऊ कातडीवर भिजलेल्या जीन्सची जाड शिवण हजारो वेळा घासली तर ती सोलणारच. त्यात घामातलं मीठ. तुझ्या जागी कुणीही असतं, त्याच जीन्समध्ये, त्याच बुटांत, तर त्याचंही हेच झालं असतं.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे त्याकडे येते. तुझ्या मैत्रिणीनं ‘एवढ्याशा फोडासाठी’ म्हटलं, कारण तू तिला फोडच सांगितलास. सोललेल्या मांड्या तिला ठाऊक नाहीत. रात्रभर झोपली नाहीस हे ठाऊक नाही. पुरेसं पाणी न पिता चढण चढलीस हेही नाही. तिच्या डोळ्यांसमोर एवढंच आहे की टाचेला फोड आला आणि सगळ्या खाली उतरल्या. तेवढ्यावरून तिनं जे म्हटलं ते लागण्यासारखं होतं, पण कठोर मनाचं नव्हतं. उलट, कारण पुरतं पटलेलं नसतानाही तिघी एका शब्दानं वाद न घालता तुझ्याबरोबर उतरल्या, याकडे तुझं लक्षच गेलेलं दिसत नाही. एकीनं तुला बसपर्यंत सोडायचं आणि दोघींनी पुढे जायचं, असंही त्यांना करता आलं असतं आणि त्यात काही गैर नव्हतं. त्यांनी तसं केलं नाही.

आपल्याकडे मुलींना गुडघा दुखला तर सांगता येतं, डोकं दुखलं तर सांगता येतं. मांडी, पाळी, लघवी, पोट बिघडणं, यांतलं काही झालं की तोंड बंद. दहा वर्षं जुन्या मैत्रिणींसमोरसुद्धा. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या न बोलण्याची किंमत शरीराला मोजावी लागते. कल्पना कर, पहिल्या दिवशी दुपारी, पहिल्यांदा चुरचुरलं तेव्हाच तू म्हणाली असतीस, ‘थांबा गो, माझ्या मांड्या काचतायत.’ चौघींपैकी कुणाच्या तरी बॅगेत व्हॅसलीन निघालंच असतं. कुणाची सुकी ट्रॅकपँट मिळाली असती. एखादीनं ‘माझंही तेच होतंय’ असं म्हटलं असतं, याची तर मला जवळजवळ खात्री आहे. अर्धा तास मोडला असता आणि बहुतेक तुम्ही चारही दिवस पुरे केले असते. सांगायला हवं होतंस ते तेव्हा. रात्री निदान दिवा मालवण्याआधी तरी.

पाण्याचंही तसंच. वाटेवर मुद्दाम पाणी कमी पिणं फार जणी करतात आणि ते धोक्याचं आहे. डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, लघवी गडद पिवळी होणं किंवा कितीतरी तास न लागणं, ही उष्म्यानं शरीर थकल्याची लक्षणं आहेत. तुझं डोकं त्या चढणीवर ठणकत होतं ते रडण्यामुळे नव्हे. शिवाय लघवी रोखून ठेवली की मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला वाट मिळते. चौघी मैत्रिणी असताना सोय अवघड नाही: वाट सोडून थोडं आत, पाण्यापासून दूर, एकीनं पाठ करून उभं राहायचं. पुढच्या वेळी निघतानाच एकीनं मोठ्यानं म्हणायचं की दर दोन तासांनी सगळ्याच थांबणार आहोत. मग कुणालाच ‘मला’ असं सांगावं लागत नाही. नुसतं पाणीही पुरत नाही, घामावाटे मीठ जातं. ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घालायची, अर्ध्या बाटलीत नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जेवायला थांबाल तिथे मीठ घातलेलं कोकमाचं तिवळ मिळालं तर नाही म्हणू नका.

जखमांचं विचारलं नाहीस, तरी लिहिते. मांड्या अजून दुखत असतील तर साध्या पाण्यानं धू, टिपून कोरड्या कर, चोळू नकोस, आणि व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लाव, लहान बाळांना लावतात ते. घरात सैल सुती कपडे. पावडर लावू नकोस, घामात तिच्या गुठळ्या होऊन त्या आणखी घासतात. कडा लाल, गोल, खाजणाऱ्या दिसायला लागल्या तर तो नायटा असू शकतो. मग औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेलं मलम आणू नकोस. अशा बऱ्याच मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

टाचेचा फोड लहान आणि न फुटलेला असेल तर फोडू नकोस, आतलं पाणी आपोआप शोषलं जातं. मोठा ताणलेला असेल तर साबणानं धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढायचं, वरची कातडी मात्र काढायची नाही, खालच्या कोवळ्या त्वचेवर तेच पांघरूण असतं. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्यावर हे घरगुती प्रयोग अजिबात करू नका. लाली पसरत गेली, पू दिसला, ताप आला, तर सरळ डॉक्टर.

फोड येण्याआधी सूचना मिळते, हे मात्र चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. आधी ती जागा गरम लागते. मग चुरचुरते. त्याच क्षणी थांबायचं, सगळ्यांना थांबवायचं. बूट काढायचा, मोजा उलटा करून पाहायचा, आत वाळूचा कण असतो, शिवण दुमडलेली असते, मोजा पिळला तर पाणी निघतं. पाय पुसून वाळवायचा, त्या जागेवर कापडी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावायची, कोरडा मोजा चढवायचा. दहा मिनिटांचं काम. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, म्हणून सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित मोज्यांचे तीन जोड न्यायचे, एक पायात, एक बॅगेवर वाळत, एक रात्रीसाठी, रात्रीचा कधीच चालायला वापरायचा नाही. बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा, कारण दिवसभर चालून पाय सुजतात, आणि निघायच्या आधी दोन-तीन आठवडे तो घालून बाजारहाट करायचा. व्हाळ ओलांडायला पट्ट्याच्या सँडल वेगळ्या. जीन्स अर्थातच नको. आत मांडीभर लांब, शिवणी चपट्या असलेली सायकलिंगची शॉर्ट, वर पटकन वाळणारी सैल पँट. सकाळी निघतानाच मांड्यांना व्हॅसलीन नाहीतर खोबरेल, दुपारी जेवल्यावर परत.

भावाच्या बॅगेला कमरेचा पट्टा होता का? असला तरी भावाच्या उंचीला बसणारी बॅग तुझ्या कमरेवर बसलीच असेल असं नाही. पट्टा नितंबाच्या हाडांवर घट्ट बसला तर बहुतेक वजन पाय उचलतात, नाहीतर सगळं खांद्यांवर येतं, पाठ वाकते आणि चाल बिघडते. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहावं असं साधारण मानतात. तू पन्नास-बावन्न किलोची असलीस तर अकरा किलो जास्तच. घरांत मुक्काम असताना एवढं लागतं कशाला? चौघींनी मिळून एक औषधांची पिशवी, एक पॉवर बँक, एक साबण पुरतो.

आता पैसे. भरू नकोस. परतायचा निर्णय तू मागितलास, पण घेतला चौघींनी, त्यामुळे नुकसानही चौघींचं. तू सगळं उचललंस तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल आणि त्यांनाही ते घेताना अवघडल्यासारखं होईल. दोन रात्रींचे पैसे वेर्ले-साळजिणीच्या घरांत गेलेत, जिथे तुमच्यासाठी तांदूळ आणि भाजी आणून ठेवली असणार. त्याची फार हळहळ नको.

ग्रुपवर लांबलचक माफीनामा लिहू नकोस. दुबईला जाणारीला आधी एकटीला लिही, कारण बोललेलं तिचं आहे आणि जाणारीही तीच आहे. असं काहीतरी:

‘ऐक गो, त्या दिवशी मी तुला अर्धंच सांगितलं. फोड होताच, पण माझ्या दोन्ही मांड्या आतून सोलल्या होत्या, रात्रभर झोप नव्हती आणि दिवसभर पुरेसं पाणी प्यायले नव्हते. लाजेनं बोलले नाही. बसमध्ये तू म्हणालीस ते मला लागलं, पण तुला कळायला मी वावच दिला नव्हता. तिघी माझ्याबरोबर उतरलात हे मी विसरणार नाही. तू जायच्या आधी एक दिवस चौघी कुठेतरी जाऊया.’

‘मला लागलं’ हे वाक्य गाळू नकोस. ते गाळलंस तर परत अर्धंच सांगितल्यासारखं होईल. रागावून लिहायचं नाही, पण लिहायचं. मग ग्रुपवर बाकी दोघींना हीच गोष्ट दोन ओळींत. कदाचित पहिलं उत्तर येईल, ‘अगो, माझंही तसंच झालं होतं.’ आलं नाही तरी चालेल. जाण्याच्या तयारीत ती व्हिसा, तिकीट, घरच्यांची जेवणं यांत अडकलेली असणार, दोन दिवस थांब आणि मग फोन कर. मेसेजवर न बोललेलं माणूस फोनवर बोलतं.

आणि एक दिवसाचं खरंच ठरवा. चार दिवसांची भरपाई एका दिवसात करायला जाऊ नका, सकाळी निघून संध्याकाळी घरी. तांबडी सुर्ला मला योग्य वाटतं. महादेवाचं ते कदंबकालीन काळ्या बेसाल्टचं देऊळ, बाजूनं वाहणारी नदी, भोवती भगवान महावीर अभयारण्याचं रान. तिथून आत धबधब्याकडे जायचं असेल तर वन खात्याच्या माणसांना विचारून, वाटाड्या घेऊन. कुणी दूधसागर सुचवेल, तर कुळे स्टेशनाहून रुळांवरून चालत जायचा बेत मात्र मोडून काढा. रेल्वेची त्याला बंदी आहे, कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

पुढे कधी सत्तरी तालुक्यात वाळपईच्या बाजूला जायचं ठरलं तर एवढं लक्षात ठेवा: डिसेंबर ते मे हा तिथे माकडतापाचा काळ. २०१५ साली पाली गावात तो आढळला होता. गोचिडीच्या चाव्यातून होतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, मेलेल्या माकडाच्या जवळपास फिरकायचं नाही, परतल्यावर अंग नीट तपासायचं, आणि आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात गेले होते’ हे आधी सांगायचं.

राहिलेली साळजिणीची वाट चौघींनी मिळूनच करायची, ती तिघींत उरकू नका. नेत्रावळीला अभयारण्याचा दर्जा १९९९ मध्ये मिळाला, ते रान वर्षभरात कुठे जात नाही. मात्र तेव्हा निघण्याआधी एक बैठक घ्या आणि रोजच्या चालीसाठी ठरवा, इथून परतायचं झालं तर जवळचा रस्ता कोणता, कदंबा बस किती वाजता, परतणारीबरोबर कोण येणार आणि बाकीच्या पुढे जाणार की नाही. हे आधी ठरलं असतं तर त्या चढणीवर तुला रडून सांगावं लागलं नसतं आणि त्यांनाही मनात न धरता हो किंवा नाही म्हणता आलं असतं. तिला दुबईहून एप्रिल-मेची सुट्टी मिळाली तर तेव्हा नको, उन्हानं हाल होतील. जून ते सप्टेंबर तर व्हाळ फुगलेले असतात, सावरी-मैनापीसारख्या जागी तेव्हा जिवावर बेतलं आहे. डिसेंबर-जानेवारीची रजा मागायला तिला आत्ताच सांग, नव्या नोकरीत ती मिळायला वेळ लागतो.

तुझी,
ताई